काँद : संत मार्टिन यांच्या अखेरच्या दिवसांचे नदीकाठचे गाव

दरवर्षी ११ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा तूरचे बिशप संत मार्टिन यांचा सण साजरा करते. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपल्या झग्याचा अर्धा भाग कापून देणारा तरुण सैनिक, ही त्यांची प्रतिमा आपल्या परिचयाची आहे. परंतु ११ नोव्हेंबर हा त्यांच्या मृत्यूचा नव्हे, तर दफनाचा दिवस आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यांचे देहावसान तीन दिवस आधी, म्हणजे ८ नोव्हेंबर ३९७ रोजी झाले. तेही आपल्या तूर शहरात नव्हे, तर नदीकाठच्या एका लहानशा गावात. त्या गावाची आणि त्याने जपलेल्या वारशाची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत.

दोन नद्यांच्या संगमावर

फ्रान्सच्या पश्चिम भागात, व्हिएन नदी ल्वार या फ्रान्समधील सर्वांत लांब नदीला जेथे मिळते, तेथे काँद-सँ-मार्तँ हे गाव वसले आहे. ‘काँद’ हे नाव प्राचीन गॉल लोकांच्या भाषेतील ‘कोंदाते’ या शब्दावरून आले असे मानतात. त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘संगम’ असा आहे. पुढील ‘सँ-मार्तँ’ म्हणजे अर्थातच संत मार्टिन. गावाची लोकसंख्या सुमारे २०० आहे. मागे टेकडी, पुढे नदी आणि दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दगडी घरांच्या ओळी, अशी त्याची रचना आहे. टेकडीवर चढून गेल्यास दोन्ही नद्यांचा संगम एका दृष्टिक्षेपात दिसतो.

येथील घरे व चर्च ‘त्युफो’ नावाच्या मऊ, पांढुरक्या चुनखडीच्या दगडाची आहेत. हा दगड या परिसरातील टेकड्यांतूनच कापून काढला जाई. दगड काढल्यावर टेकडीच्या पोटात ज्या गुहा उरल्या, त्यांचा उपयोग लोकांनी द्राक्षारस साठविण्यासाठी, तर काही ठिकाणी राहण्यासाठीही केला.

गावाचे दुसरे धन म्हणजे नदी. ल्वारचे पात्र रुंद असले तरी उथळ आहे आणि त्यात वाळूचे पट्टे वारंवार जागा बदलतात. म्हणून येथील होड्या सपाट तळाच्या असत. अटलांटिक महासागराकडून येणारा पश्चिमेचा वारा चौकोनी शिडात भरून घेऊन त्या प्रवाहाविरुद्ध पूर्वेकडे जात आणि परतताना प्रवाहाबरोबर येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वे आली आणि शतकानुशतके चाललेली ही जलवाहतूक थोड्याच काळात संपुष्टात आली.

संत मार्टिन काँदला का आले?

मार्टिन यांचा जन्म परंपरेनुसार ३१६ साली, आजच्या हंगेरीतील सोंबाथेय या ठिकाणी झाला. रोमन सैन्य सोडल्यावर ते प्वातिए शहराचे बिशप संत हिलरी यांचे शिष्य झाले आणि त्या शहराजवळ लिग्युजे येथे त्यांनी मठजीवन सुरू केले. ३७१ च्या सुमारास तूरच्या लोकांनी त्यांना आपले बिशप म्हणून निवडले.

त्या काळी ख्रिस्ती श्रद्धा प्रामुख्याने शहरांपुरती मर्यादित होती. मार्टिन खेड्यापाड्यांत गेले. ज्या सहा गावांत त्यांनी चर्चची स्थापना केली, त्यांची नावे सहाव्या शतकातील तूरचे बिशप संत ग्रेगरी यांनी नोंदवून ठेवली आहेत. काँद हे त्यांपैकी एक. आज आपण ज्याला धर्मग्राम म्हणतो, त्या व्यवस्थेचा त्या देशातील उगम अशा गावांत सापडतो.

पुढे काँद येथील धर्मगुरूंमध्ये आपसांत कलह माजला. आपला अंत जवळ आला आहे हे मार्टिन यांना उमगले होते, असे त्यांचे समकालीन चरित्रकार सुल्पिसियुस सेव्हेरुस लिहितात. तरीही ऐंशीच्या घरातील हा बिशप समेट घडवून आणण्यासाठी काँदला गेला. वाटेत नदीवर बुडी मारून माशांवर झडप घालणारे पक्षी त्यांनी पाहिले. बेसावध जिवांना गिळून टाकणाऱ्या आणि कधीच तृप्त न होणाऱ्या दुष्ट शक्तींचे हे रूप आहे, असे त्यांनी शिष्यांना समजावले. फ्रेंच भाषेत खंड्या पक्ष्याला ‘मासेमार मार्टिन’ अशा अर्थाचे नाव आहे. लोकपरंपरा त्या नावाचा संबंध या प्रसंगाशी जोडते.

काँदमध्ये समेट झाला. मार्टिन तेथे काही दिवस राहिले आणि परतण्याच्या विचारात असतानाच त्यांची शक्ती क्षीण झाली. शिष्य रडू लागले. तेव्हा आपल्या लोकांना अजून आपली गरज असेल तर आपण श्रम नाकारणार नाही, मात्र देवाची इच्छा असेल तेच घडो, अशा आशयाची प्रार्थना त्यांनी केली. अंगावर खरखरीत वस्त्र घेऊन, राखेवर पडून त्यांनी प्राण सोडला.

पार्थिवावरून वाद

पुढील हकीकत संत ग्रेगरी यांनी सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहिली. मार्टिन गेल्याचे कळताच प्वातिए आणि तूर येथील लोक काँदला जमले. प्वातिएचे लोक म्हणाले, “ते आमच्याकडचे मठवासी होते. बिशप म्हणून त्यांचा सहवास तुम्हांला लाभला, आता निदान त्यांचा देह तरी आम्हांला द्या.” तूरच्या लोकांचे म्हणणे असे, की बिशपाचे दफन त्याच्या बिशपपीठाच्या शहरातच व्हायला हवे. रात्र झाली. दोन्ही पक्ष पहारा देत बसले. मध्यरात्री प्वातिएच्या लोकांचा डोळा लागला. तेवढ्यात तूरच्या लोकांनी पार्थिव खिडकीतून बाहेर काढले, होडीत ठेवले आणि व्हिएनमधून ल्वारच्या पात्रात शिरून ते स्तोत्रे गात तूरकडे निघाले.

सुल्पिसियुस यांच्या पत्रात या पळवापळवीचा उल्लेख नाही; अंत्ययात्रेला जवळजवळ दोन हजार मठवासी लोटले होते, एवढे मात्र त्यांनी सांगितले आहे. तरीही काँदने ही आठवण जपली. तेथील चर्चमधील रंगीत काचचित्रात पार्थिव बाहेर नेण्याचा हा प्रसंग दाखविला आहे. होडी पुढे जाताना दोन्ही काठांवर ऐन नोव्हेंबरात फुले उमलली अशी आख्यायिका आहे. त्या दिवसांत अवचित पडणाऱ्या उबदार उन्हाला फ्रान्समध्ये ‘संत मार्टिनचा उन्हाळा’ म्हणतात.

रिकाम्या जागेवरचे चर्च

मार्टिन ज्या ठिकाणी मरण पावले असे मानले जाते, तेथे ११७५ च्या सुमारास मोठ्या चर्चचे बांधकाम सुरू झाले आणि ते तेराव्या शतकात पूर्णत्वास गेले. उत्तरेच्या प्रवेशमंडपात एकच सडपातळ स्तंभ आहे आणि त्याच्या माथ्यावरून छताच्या कमानी माडाच्या झावळ्यांप्रमाणे चहूकडे पसरतात. पंधराव्या शतकात, युद्धाच्या धामधुमीत, चर्चला तटबंदीसारखे कठडे जोडण्यात आले. म्हणूनच नदीवरून पाहणाऱ्याला ते अर्धे चर्च आणि अर्धा किल्ला भासते.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या तूरने पार्थिव मिळविले, तेथे भव्य बॅसिलिका उभी राहिली आणि युरोपभरातून यात्रेकरू येऊ लागले. परंतु १५६२ साली धर्मयुद्धांत संतांचे बहुतांश अवशेष जाळले गेले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जुनी बॅसिलिकाही जमीनदोस्त झाली. तिचे दोन मनोरे तेवढे उरले. कबरीची जागा १८६० साली पुन्हा सापडली आणि तेथे नवी बॅसिलिका बांधण्यात आली. काँदच्या हाती मात्र पार्थिव आलेच नाही. त्याच्याकडे उरली ती केवळ जागा आणि आठवण. तेथील मध्ययुगीन चर्च आजही उभे आहे.

आज हा परिसर जागतिक वारसा मानला जातो. २००० साली युनेस्कोने ल्वार खोऱ्याच्या ज्या पट्ट्याला ही मान्यता दिली, त्यात काँदचा समावेश आहे. २००५ साली युरोप परिषदेने संत मार्टिन यांच्या जीवनाशी निगडित स्थळांना जोडणाऱ्या मार्गाला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. या स्थळांत काँदचे स्थान अर्थातच मोलाचे आहे.

आपल्यासाठी काय?

संत मार्टिन यांचा ठसा आपल्या नित्याच्या बोलण्यातही आहे. त्यांच्या झग्याला लॅटिनमध्ये ‘काप्पा’ म्हणत. तो जेथे जपून ठेवला जाई, त्या लहान प्रार्थनास्थळाला त्यावरून ‘कापेल्ला’ हे नाव पडले. आपण म्हणतो ते ‘चॅपल’ आणि गोव्यातील ‘कोपेल’ हे शब्द त्याचेच वंशज होत.

परंतु काँदचा खरा वारसा शब्दांपेक्षा व दगडांपेक्षा खोल आहे. एका वृद्ध मेंढपाळाने आपले शेवटचे बळ भांडणारी माणसे एकत्र आणण्यासाठी खर्च केले, आणि त्याच्या निधनानंतर रात्र उलटण्याआधीच त्याच्यावर प्रेम करणारी माणसे त्याच्या देहासाठी एकमेकांसमोर उभी ठाकली. दोन्ही पक्षांची भक्ती खरी होती, तरीही त्यांनी ज्याच्यासाठी वाद घातला, त्याचीच शिकवण ते विसरले. सणाचा मान कोणाचा, मिरवणूक कोणत्या वाटेने न्यायची, जुन्या क्रुसावर हक्क कोणत्या आळीचा, असे प्रश्न आपल्याही धर्मग्रामांत उद्भवतात. अशा वेळी काँदची ती रात्र आठवावी असे आम्हांला वाटते. संताचा देह खिडकीतून नेता येतो. त्याने घडविलेला समेट मात्र ज्याचा त्याने आपल्या घरी व आपल्या गावी टिकवावा लागतो.