लळा लागलेल्या दोन कुत्र्यांना दत्तक घेताना

मालकाने सोडून दिलेले किंवा रस्त्यावरून सुटका केलेले लहान जातीचे कुत्रे निवारा केंद्रात अनेकदा जोडीने दाखल होतात. दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला मात्र बहुधा एकच हवा असतो. अशा वेळी केंद्रातील सेवक दोघांना एकत्रच नेण्याचा आग्रह धरतात आणि कुटुंबापुढे पेच उभा राहतो. हा आग्रह कितपत रास्त आहे, याचे उत्तर प्रत्येक जोडीगणिक वेगळे असते.

रायपुरातही हा प्रश्न अपरिचित नाही. २००० मध्ये छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून हे शहर बदलीच्या नोकऱ्यांचे झाले आहे. बदली झाली, घर लहान मिळाले किंवा वृद्ध मालकाचे निधन झाले, की पाळीव प्राणी उघड्यावर पडतात. त्यांत पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार शेपटीच्या कुत्र्यांचा समावेश हमखास असतो. आपल्याकडे त्यांना सरसकट पॉमेरेनियन म्हटले जात असले, तरी त्यांतील बहुतेक भारतीय स्पिट्झ जातीचे असतात. प्रजननासाठी वापरून नंतर टाकून दिलेल्या माद्यांचीही त्यांत भर पडते. वास्तविक २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार पैदास करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक आहे.

एकत्र राहणारे दोन कुत्रे म्हणजे लळा लागलेली जोडी, असे समीकरण मांडता येत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षानुवर्षे एकाच खोलीत राहिलेल्या प्रौढ कुत्र्यांची पाहणी करण्यात आली. ओळखीच्या जागेत सोबत्याला काही तास दूर नेले, तरी त्यांच्या शरीरातील ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढले नाही. अनोळखी जागेत ते वाढले आणि तेथे सोबती असूनही कमी झाले नाही. परिचित माणूस जवळ असताना मात्र वाढ दिसली नाही. दुसरीकडे, २०२२ मध्ये इटलीत ४२६ मालकांकडून माहिती घेण्यात आली. घरातील एका कुत्र्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच्या वागण्यात अनिष्ट बदल झाल्याचे त्यांपैकी सुमारे ८६ टक्के मालकांनी सांगितले. खेळणे व खाणे कमी होणे, अधिक झोपणे, माणसाच्या मागे मागे राहणे असे ते बदल होते. हे मालकांचे निरीक्षण आहे, प्रयोगशाळेतील मोजमाप नव्हे. तरीही ते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

त्यामुळे निर्णय त्या दोन कुत्र्यांकडे पाहूनच घ्यावा लागतो. दोघांना थोडा वेळ, मग काही तास, वेगवेगळे ठेवून पाहावे. एकटा पडलेला कुत्रा काही वेळ कुंईकुंई करून शांत झाला, जेवला आणि माणसाशी खेळला, तर ती निव्वळ सोबत समजावी. त्याने अन्नाला तोंडच लावले नाही, दार ओरबाडले, सतत धापा टाकल्या आणि जोडीदार परतताच तो निवळला, तर त्यांची ताटातूट करू नये. दोघांपैकी एक आंधळा किंवा बहिरा असेल आणि दुसऱ्याच्या चाहुलीवर वावरत असेल, तर प्रश्नच उरत नाही. उलट, एक कुत्रा दुसऱ्याला खाऊ देत नसेल, कोपऱ्यात दाबून ठेवत असेल, तर त्यांना वेगवेगळी घरे मिळणेच हिताचे. केंद्रात एकमेकांना बिलगून झोपलेली जोडी छायाचित्रात गोड दिसते. पण ते भीतीपोटी बिलगणेही असू शकते.

जोडी घरी आणल्यावर दोघांचे भांडे पहिल्या दिवसापासून वेगळे आणि काही अंतरावर असावे. रोज काही वेळ एकेकाला स्वतंत्र फिरवावे व शिकवावे, अन्यथा दोघे एकमेकांतच गुंततात आणि घरच्या माणसांकडे लक्ष देत नाहीत. पुढे एकाला रुग्णालयात ठेवावे लागले, तर दुसऱ्याला ही सवय उपयोगी पडते. नर-मादीची जोडी असल्यास, ती एकाच आईची पिल्ले असली तरी, नसबंदी वेळेवर करणे अत्यावश्यक आहे. कुत्र्यांना नात्याचे बंधन नसते.

रायपूरच्या उन्हाळ्याचा विचार आधीच करावा. मे महिन्यात येथील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि दाट केसांच्या लहान कुत्र्यांना उष्माघाताचा धोका असतो. फिरणे पहाटे किंवा रात्रीच व्हावे. डांबरी रस्त्यावर तळहात टेकवत नसेल, तर त्यांचे पंजेही भाजतात. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील अंगणाच्या घरात सावली तरी मिळते. सदनिकेत पंख्याची आणि गार फरशीची सोय पाहावी लागते. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा वापरावा. दातांचे विकारही त्यांच्यात अधिक आढळतात. लस, जंतनाशक, गोचिडांवरील औषध हा सारा खर्च दुप्पट होतो, हे हिशेबात धरावे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

भारतीय कायद्यात अशा जोडीची व्याख्या नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे लसीकरण व जंतनिर्मूलन ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मात्र त्यासाठी पहिल्या वेळी होणारा दंड अवघा १० ते ५० रुपये आहे, त्यामुळे धाक तो कसला! गृहनिर्माण संस्थेला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचे असल्यास महापालिकेकडे अर्ज करता येतो आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत, याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले आहे.

दत्तकपत्रात जोडीचा उल्लेख नसेल, तर तो करून घ्यावा. काही कारणाने कुत्रे परत करण्याची वेळ आली, तर दोघांना एकत्रच परत करावे आणि केंद्रानेही त्यांना पुढे एकत्रच द्यावे, अशी अट त्यात लिहिता येते. कुटुंबातील सर्वांनी, विशेषतः दुपारी घरी असणाऱ्या व्यक्तीने, दोन्ही कुत्र्यांना आधी भेटून मगच त्यावर सही करावी.