टेबल करण्याआधी शिक्का वाचा

अंगणात किंवा गच्चीवर ठेवायच्या टेबलासाठी सर्वांत स्वस्त लाकूड म्हणजे माल उतरवून झाल्यावर टाकून दिलेली पॅलेट. युरोपातले प्रमाणित पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचे आणि १४४ मिलिमीटर उंच असते. अशी दोन एकावर एक बसवली की चहाचे बैठे टेबल तयार. कापाकापी शून्य.

मात्र आधी शिक्का पाहायलाच हवा. आयात-निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असते. त्याशेजारी ‘एचटी’ असेल, तर लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे दिलेली असते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते पॅलेट घरी आणूच नये. तेलाचे डाग किंवा रसायनाचा वास असलेलेही नको.

कोकणातल्या पावसापुढे हे मऊ लाकूड फार टिकत नाही. तिथे जुन्या शिलाई मशीनचा बीडाचा सांगाडा कितीतरी सरस! तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळला की ऑइलपेंट. नक्षीच्या खाचांमध्ये गंज दडून बसतो, तिथे घाई करू नये. वर स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला कडप्पा, कडा घासून घेतलेला. जड असल्याने तो उचलायला दोघे हवेत. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे लिंबाचा रस सांडला तर लगेच पुसा. नाहीतर डाग कायमचा राहतो.