श्रीरंगपट्टणची दर्या दौलत बाग

सहल म्हटली की आमच्या मंडळींना समुद्र, नाही तर धरण आठवते. या खेपेस मात्र वस्तीतील चार कुटुंबे मिळून आम्ही म्हैसूरला गेलो आणि तेथून सुमारे १५ किलोमीटरवरील श्रीरंगपट्टण पाहिले. सोबत पंच्याहत्तरीच्या आमच्या आत्याबाईही होत्या.

कावेरीच्या बेटावर, किल्ल्याबाहेर, टिपू सुलतानाने १७८४ मध्ये उन्हाळ्यात राहण्यासाठी हा महाल बांधला. फाटकाशी आत्याबाई थबकल्या. "राजाचा वाडा हाय. आपल्याला आत सोडतील का?" गावच्या वाड्याची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या, भाकरी बाहेरूनच पदरात घ्यायची. आम्ही म्हणालो, "आत्या, तिकीट काढलंय. आता कुणाला विचारायचं नाही."

फाटकापासून महालापर्यंत सरळ वाट, दोहो बाजूंस हिरवळ आणि कातरून आकार दिलेली झाडे. महाल बहुतांशी सागवानी, उंच चौथऱ्यावर. चहूबाजूंनी खांबांची ओसरी. उन्हाने चित्रे विटू नयेत म्हणून हिरवे पडदे सोडले आहेत.

पश्चिमेच्या भिंतीवर १७८० ची पोल्लिलूरची लढाई रंगविली आहे. हैदरअली व टिपू यांनी कर्नल बेलीच्या इंग्रज फौजेचा पराभव केला, तो हा प्रसंग. बेली पालखीत बसला आहे, दारूगोळ्याच्या गाडीचा भडका उडाला आहे.

मुलांनी विचारले, "तेव्हा मराठे कोणाकडे होते?" त्या वर्षी पेशव्यांचा हैदरशी करार होता. पण १७९२ मध्ये मराठी फौज इंग्रज व निजाम यांच्या बाजूने याच श्रीरंगपट्टणापुढे तळ देऊन बसली. तहात टिपूला निम्मे राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. ४ मे १७९९ रोजी टिपू लढता लढता पडला आणि या महालात इंग्रज अधिकारी वेलस्ली राहावयास आला.

राज्यकर्त्यांचे दोस्त बदलले, महालाचे धनीही बदलले. भिंतीवरचे शिपाई मात्र अजून रांगेतच उभे आहेत, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. इतिहास वाचताना मुलांनी तेही विचारावे.

निघताना आत्याबाई महालाच्या पायरीवर बसल्या. "पाय दुखले का?" "न्हाई रं. बसून बघितलं."

वाचकहो, मुलांना अशा ठिकाणी अवश्य न्या. आणि घरातील म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवू नका.