विषाणूने उसनी घेतलेली दोरी



एड्सचे नाव निघाले की आपल्या हळ्ळीखेड-हुमनाबाद भागात आजही आवाज खाली जातो. जे कळत नाही त्याचेच भय जास्त असते. म्हणून या अंकात आम्ही एचआयव्ही विषाणूच्या कामातील एकच पायरी समजावून देत आहोत.

या विषाणूची माहिती आरएनएच्या रूपात असते. पेशीत शिरल्यावर तिची डीएनए प्रत करावी लागते. हे काम करणारे विकर टेमिन व बाल्टिमोर यांनी १९७० साली इतर विषाणूंत शोधले. पण हे विकर कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही. शिवणाऱ्याला जसा पहिला टाका हवा, तसे त्यालाही धरायला एक टोक लागते. ते टोक विषाणू आपल्याच पेशीतून उसने घेतो. ते म्हणजे लायसिन वाहून नेणारा ट्रान्सफर आरएनए. एरवी त्याचे काम प्रथिने घडवण्याचे. तो ७६ अक्षरांचा असतो, आणि त्याची शेवटची १८ अक्षरे विषाणूच्या १८ अक्षरांशी जुळतात. ए ला यू आणि जी ला सी, बटणाला काज असावे तसे.

आता मुख्य गोष्ट. ट्रान्सफर आरएनए तयार झाल्यावर पेशी त्याच्या काही अक्षरांवर छोटे रासायनिक गट चिकटवते. ५८व्या अक्षरावर, म्हणजे एका ए वर, मिथाइल गट बसतो. बटणाला दोरा गुंडाळला तर ते काजात शिरत नाही, तसेच हे अक्षर जोडी लावू शकत नाही. पुढे विकर या उसन्या टोकाचीही नक्कल करू लागते, तेव्हा ते ५८व्या अक्षरापाशी थांबते. हिशेब करून पाहा : ७६ वजा ५८, उरली १८. विषाणूला पुढच्या जोडणीसाठी नेमकी एवढीच अक्षरे लागतात. आपल्या पेशीने लावलेली खूण विषाणूने थांब्याची पाटी म्हणून वापरली.

दुसरी खूण ३४व्या अक्षरावर असते. तिच्यात गंधक आहे. फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी १९९३ साली दाखवले की, एका आफ्रिकी प्रकारच्या एचआयव्हीत ट्रान्सफर आरएनएचा मधला फास विषाणूच्या ए-बहुल फासाला धरतो, आणि ही दुसरी पकड अशा खुणांवर अवलंबून असते. खुणा नसलेला, प्रयोगशाळेत घडवलेला रेणू १८ अक्षरांवर बसतो, पण दुसरी पकड घेत नाही. सर्व प्रकारच्या एचआयव्हीत ही पकड सारखी नसते, हेही लक्षात ठेवावे.

अशा बदललेल्या अक्षरांचा आकार संगणकावर अभ्यासण्याचे काम आपल्या जवळही झाले आहे : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. एड्सच्या संशोधनासाठी पुण्यात भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

याचा आपल्याला उपयोग काय? टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन ही औषधे खोट्या अक्षरांसारखी असतात. विकराने ती उचलली की धागा तिथेच तुटतो. भारतात सरकारी केंद्रांतून असे उपचार २००४ पासून मोफत मिळतात. नियमित औषधे घेणारा माणूस दीर्घकाळ चांगले जगतो.

दुसरे असे की, जो विषाणू पहिला टाकासुद्धा आपल्या पेशीकडून उसना घेतो, तो पेशीबाहेर वाढू शकत नाही. एका बाकावर बसल्याने, एका डब्यात जेवल्याने, हस्तांदोलनाने तो पसरत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार या कारणावरून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. पण कायद्याच्या आधी समज यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. मुलांनो, हा लेख घरी मोठ्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी विचारलेले प्रश्न वर्गात घेऊन या.