चेंडूला नव्हे, वाळूला मारा!

७ ऑगस्ट २०२१ चा तो शनिवार आठवतो? ज्या घरांत गोल्फ हा खेळ कधी कुणी पाहिला नव्हता, त्या घरांतही सकाळी सकाळी माणसे टीव्हीसमोर बसली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ पोहोचली होती. अखेर ती चौथी आली. कांस्यपदक हुकले ते अवघ्या एका फटक्याने. गोल्फमध्ये एका फटक्याची किंमत काय असते, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले.

ही किंमत तेरा वर्षांच्या एका मुलीलाही चांगलीच ठाऊक आहे. तिचे वडील शहराबाहेरच्या एका गोल्फ मैदानावर माळीकाम करतात. गेल्या वर्षी कनिष्ठ गटाच्या निवड स्पर्धेत तिची संधी एका फटक्याने गेली. शेवटच्या ग्रीनलगत वाळूचा खड्डा होता. गोल्फच्या भाषेत त्याला बंकर म्हणतात. चेंडू त्यात पडला आणि तो बाहेर काढायला तिला तीन फटके लागले.

मी मैदानावर गेले तेव्हा ती त्याच बंकरमध्ये उभी होती. काठावर तिला शिकवणारे काका. लहानपणी ते याच मैदानावर कॅडी होते, लोकांच्या पिशव्या उचलत उचलत खेळ शिकले.

"काका, चेंडू उचलायचा मी किती प्रयत्न केला होता!" ती म्हणाली.

"तिथंच चुकलं, पोरी. तू उचलायला गेलीस," काका म्हणाले.

उलटा न्याय

आपल्यासारख्या नवख्या माणसाला हे कोडेच वाटेल. चेंडू खड्ड्यात आहे, समोर डोक्याएवढा काठ आहे, पलीकडे दहा-बारा पावलांवर झेंडा आहे. म्हणजे चेंडू उंच उडालाच पाहिजे. मग उचलायचा नाही तर करायचे काय?

काकांचे उत्तर सोपे होते. बंकरमध्ये चेंडूला स्टिक लावायचीच नसते! स्टिक चेंडूच्या साधारण दोन इंच मागे वाळूत शिरते, चेंडूखालून सरकते आणि पुढे बाहेर पडते. शंभराच्या नोटेएवढा वाळूचा पातळ थर उडतो आणि त्या थरावर बसून चेंडू बाहेर येतो. जो खेळाडू चेंडू उचलायला जातो, त्याचे वजन मागच्या पायावर जाते आणि मनगटे वर वळतात. मग स्टिक एक तर फार मागे वाळूत रुतते, नाही तर थेट चेंडूच्या पोटावर बसते. पहिल्या प्रकारात चेंडू जागचा हलत नाही. दुसऱ्या प्रकारात तो बंदुकीच्या गोळीसारखा ग्रीनपार जातो.

पळीची पाठ

या कामासाठी सँड वेज नावाची खास स्टिक असते. तिचा तळ पळीच्या पाठीसारखा फुगीर असतो. उलथन्याची धार पिठात रुतते, पण पळीची पाठ तव्यावर पीठ पसरत अलगद फिरते, हे आपण रोज पाहतो. इथेही तेच. या फुगीरपणाला खेळाडू बाऊन्स म्हणतात.

या स्टिकचे श्रेय बहुधा अमेरिकेच्या जीन साराझन यांना दिले जाते. ते इटलीहून आलेल्या एका गरीब सुताराचे चिरंजीव. बंकर हा त्यांचाही कच्चा दुवा होता. विमान वर चढताना त्याचे शेपूट खाली झुकते, हे पाहून त्यांना कल्पना सुचली आणि त्यांनी आपल्या स्टिकच्या तळाला मागून धातूचा थर चढवला. ती घेऊन १९३२ साली ते ब्रिटिश ओपन जिंकले आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनही.

उंची ठरते कशी?

चेंडू किती उंच जाणार, हे जोरापेक्षा मांडणीवर अधिक ठरते. काकांनी त्या मुलीला चार गोष्टी करून दाखवल्या. (उजव्या हाताने खेळणाऱ्याने त्या अशाच घ्याव्यात.)

पहिली गोष्ट स्टिकच्या तोंडाची. ते आभाळाकडे जितके उघडे, तितका चेंडू उंच आणि जवळ पडणारा. मात्र तोंड आधी उघडायचे आणि पकड नंतर घ्यायची. पकड घेऊन मग मनगट फिरवले, तर फटक्याच्या वेळी तोंड पुन्हा मिटते. तोंड उघडले की ते थोडे उजवीकडे पाहते, म्हणून पाय आणि खांदे थोडे डावीकडे वळवून उभे राहायचे.

दुसरी गोष्ट चेंडूच्या जागेची. उंच हवा असेल तर चेंडू डाव्या टाचेच्या समोर घ्यावा. खालून हवा असेल तर थोडा मागे, मधल्या बाजूला.

तिसरी गोष्ट हातांची. पाय जरा फाकवून, गुडघे वाकवून हात खाली नेले की चेंडू वर चढतो. हात उंच आणि पुढे राहिले की तो बसका निघतो. वजन मात्र दोन्ही वेळा डाव्या पायावरच.

चौथी गोष्ट शेवटाची. उंच फटक्याला वेग लागतो आणि हात खांद्यापर्यंत जाऊन थांबतात. बसक्या फटक्याला ते कंबरेशी थांबले तरी चालते. भीतीने मध्येच हात आखडले, तर चेंडू वाळूतच राहतो.

"आणि पावसाळ्यात?" मी विचारले.

"ताई, ओली वाळू घट्ट बसते. फुगीर तळ तिच्यावर आपटून उसळतो. तेव्हा तोंड फार उघडायचं नाही आणि चेंडू जरा खालून, लांब जाणार हे धरूनच चालायचं." चेंडू वाळूत अर्धा पुरला गेला असेल तर उंचीचा मोह सोडायचा. तोंड सरळ किंवा थोडे मिटलेले ठेवायचे, म्हणजे धार खोल जाते. चेंडू बाहेर येतो, पण बसका आणि पळणारा.

मोठ्यांचीही तीच गत

बंकरने भल्याभल्यांना रडवले आहे. १९७८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा दोनच फटक्यांत ग्रीनवर पोहोचले होते. तिसऱ्या फटक्याला चेंडू घरंगळत बंकरमध्ये गेला. बाहेर पडायला चार फटके लागले. त्या एका होलवर त्यांचे नऊ फटके झाले आणि विजेतेपदाची आशा तिथेच मावळली.

दुसरी गोष्ट स्पेनच्या सेवे बॅलेस्टेरॉसची. पेड्रेन्या गावातल्या शेतकरी घरातला हा मुलगा. लहानपणी त्याच्याकडे एकच स्टिक होती, तीही तीन नंबरची आयर्न. ही चेंडू लांब आणि खालून मारण्याची स्टिक. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत तो तीच घेऊन तासन्‌तास खेळे. तोंड उघडून, हात खाली नेऊन, त्याच स्टिकने त्याने चेंडू उंच उडवायला शिकून घेतले. पुढे तो तीनदा ब्रिटिश ओपन आणि दोनदा मास्टर्स जिंकला. २०११ साली तो गेला, पण बंकरमधल्या त्याच्या जादूची आठवण अजून काढली जाते.

ही गोष्ट काका मुद्दाम सांगतात. या मुलीची सँड वेजही कुणीतरी वापरून दिलेली जुनी आहे.

छत्रीवरून

आता सराव सुरू झाला. काकांनी वाळूत बोटाने एक रेघ ओढली. आधी चेंडू नाहीच, नुसती रेघेवरची वाळू उडवायची. (सामन्यात असे करता येत नाही. फटक्याआधी बंकरमध्ये सरावाचा फटका मारून वाळू उडवली तर दंड बसतो.) दहा-पंधरा वेळा वाळू नीट उडाल्यावर काकांनी काठावर उघडी छत्री ठेवली आणि रेघेच्या दोन इंच पुढे चेंडू.

पहिला चेंडू छत्रीच्या कापडात शिरला. दुसरा वाळूतच राहिला. तिसऱ्या वेळी तिने चेंडूकडे पाहणेच सोडले, रेघेकडे पाहिले. फस्सकन वाळू उडाली आणि चेंडू छत्रीवरून जाऊन ग्रीनवर अलगद टेकला.

ती हसली नाही. तिने पुढचा चेंडू ठेवला.

पुढच्या महिन्यात निवड स्पर्धा आहे. संध्याकाळी तिचे वडील दाताळे घेऊन बंकर सारखा करायला आले, तेव्हा तिने ते त्यांच्या हातातून घेतले. ज्याने वाळू उडवली त्यानेच ती सारखी करून जायची, ही या खेळातली रीत तिला आधीपासूनच येते.