माल सदोष, तरी कार्डाचे बिल भरायचे का?

हप्त्याने वस्तू घेणे आमच्या राजूरला नवे नाही. खाणीतला पगार आणि चुनाभट्टीवरची मजुरी यांच्या भरवशावर इथल्या घरांत सायकली आल्या, टीव्ही आले, लोखंडी कपाटे आली. वस्तू बिघडली तर ती वणीच्या बाजारात दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन ठेवता येई. चार माणसे जमत, आवाज चढे आणि बहुधा काहीतरी तोड निघे. आता दुकानदार दिसतच नाही. मुलगा मोबाइलवर बोट ठेवतो, चार दिवसांनी खोका दारात येतो आणि पैसे बँकेच्या क्रेडिट कार्डावर चढलेले असतात. वस्तू निकामी निघाली तर भांडायचे कोणाशी, हा प्रश्न घेऊन अनेक बंधू-भगिनी आमच्याकडे येतात. बहुतेकांची समजूत अशी की, आता काही होत नाही, पैसे बुडाले. ही समजूत खरी नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या लग्नसराईत आमच्या ओळखीच्या एका घराने मोटारीची शिलाई मशीन मागवली. किंमत ८,४०० रुपये. वडील कंत्राटी कामगार, मुलगी ब्लाऊज शिवते, कार्ड भावाचे. मशीन दुसऱ्याच आठवड्यात तापू लागली, दोरा तुटू लागला आणि एके दिवशी मोटार बंद पडली. विक्रेत्याने सांगितले, परत घेण्याची सात दिवसांची मुदत संपली. बँकेत विचारले तर उत्तर मिळाले, ओटीपी तुम्हीच दिला ना, मग व्यवहार तुमचाच. इकडे लोकांचे कापड घरात पडून, आणि तिकडे कार्डाचे बिल आले. मुलीच्या आईने आम्हाला सरळ विचारले, "मशीन बंद हाय, मंग पैसे कायले भरू?"

प्रश्न बिनतोड आहे. पण त्याचे उत्तर देण्याआधी एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. तो न समजल्यामुळेच आपली माणसे बँकेच्या खिडकीवरून परत येतात. तुमच्या नकळत कोणी तुमच्या कार्डातून पैसे काढले, तर ती फसवणूक. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी नियम घातला. ग्राहकाचा दोष नसेल आणि त्याने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर एक पैसाही बसू नये. आपण स्वतः खरेदी केली, ओटीपी स्वतः दिला, पण माल सदोष निघाला, ही गोष्ट वेगळी. येथे "मी हा व्यवहार केलाच नाही" असे लिहिणे खोटे ठरते आणि तक्रार तिथेच मरते. "व्यवहार मी केला, पण मिळालेला माल सदोष आहे आणि विक्रेता परतावा नाकारतो" असे लिहावे लागते. बँकेच्या भाषेत याला डिस्प्यूट म्हणतात.

डिस्प्यूट मान्य झाला की जे घडते त्याला चार्जबॅक हे नाव आहे. ज्या बँकेने कार्ड दिले ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या जाळ्यामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे पैसे परत मागते. पुष्कळदा रक्कम ग्राहकाच्या खात्यात तात्पुरती जमा होते. मग विक्रेत्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. त्याचे म्हणणे टिकले तर तात्पुरती जमा झालेली रक्कम परत वजा होते. म्हणजे पैसे आले म्हणून लगेच खर्चून बसू नये. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारणपणे १२० दिवसांची मुदत असते. पण तेवढे थांबायचेच कशाला? बिघाड दिसला त्याच आठवड्यात लेखी कळवावे.

आता आम्हाला खटकणारी गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पत कायद्याचे ७५ वे कलम असे आहे की, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली आणि ती सदोष निघाली, तर विक्रेत्याइतकीच कार्ड देणारी संस्थाही जबाबदार. अमेरिकेतही त्याच वर्षी कार्डाच्या बिलावर हरकत घेण्याचा हक्क कायद्याने दिला. योगायोग असा की, १९७४ सालीच पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. पण देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळायला १९८६ उजाडले, आणि कार्ड देणाऱ्या बँकेला विक्रेत्याच्या बरोबरीने बांधणारे ब्रिटनसारखे कलम आपल्याकडे नाही. आपला चार्जबॅक मुख्यतः कार्डाच्या जाळ्यांच्या नियमावलीवर उभा आहे. ज्या कामगाराने आयुष्यात पहिल्यांदा कार्ड हातात घेतले, त्याला ही नियमावली कोण वाचून दाखवणार?

आमचे शिक्षण बी.कॉम.चे, म्हणून थोडा हिशेब. रागाने बिल भरायचे थांबवणे हा मार्ग नाही. ८,४०० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले तर ते २९४ रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ५३ रुपये. झाले ३४७. बिलावर "किमान देय रक्कम" पाच टक्के, म्हणजे ४२० रुपये छापलेली असते. आपल्याला वाटते, तेवढे भरले की सुटलो. प्रत्यक्षात त्या ४२० पैकी मुद्दल फिटते ७३ रुपये! शिवाय पूर्ण बिल न भरल्याने नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. सावकाराच्या व्याजाला नावे ठेवणाऱ्या आपल्या घरांनी हा आकडा एकदा कागदावर मांडून पाहावा. म्हणून आमचा सल्ला असा की, वादाची रक्कम सोडून बाकीचे बिल पूर्ण भरावे आणि वादाच्या रकमेवर निकाल लागेपर्यंत व्याज व दंड लावू नये, अशी बँकेकडे लेखी मागणी करावी. बँकेने ती नाकारली तर रक्कम भरावी, पण हरकत कायम ठेवून. नाही तर पतनोंद खराब होते आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर तीच आडवी येते.

शिलाई मशीनच्या प्रकरणात आम्ही अर्ज लिहून दिला. सोबत मागणीची पावती, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार आणि मशीन चालू करून मोटार बंद पडते कशी, याचे मोबाइलवरचे चित्रण जोडले. रक्कम तात्पुरती जमा झाली. विक्रेत्याने उत्तरादाखल माल पोचल्याची सहीची पावती पाठवली. आम्ही कळवले, माल पोचला नाही असे आम्ही म्हटलेच नाही, तो चालत नाही असे म्हटले आहे. एवढ्या एका वाक्यावर पुढचा वाद मिटला आणि जमा झालेली रक्कम कायम राहिली. मुलीने मात्र त्या हंगामातली गिऱ्हाइके गमावली, ती कोणी भरून दिली नाहीत.

बँकेने दाद दिली नसती तरी रस्ता संपला नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास वा पैसे देण्यास नकार देता येत नाही. "सात दिवस संपले" हे विक्रेत्याचे धोरण झाले, कायदा नव्हे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असेही त्यांत आहे. काही जण घाबरवतात की, शिलाईचा धंदा करता म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हेही खोटे. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी खरेदीत धरलेली नाही.

सर्वांत मोठा फरक ठिकाणाचा. जुन्या कायद्यात विक्रेत्याचे ठिकाण किंवा प्रकरण जिथे घडले ते ठिकाण पाहिले जाई. नव्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, राजूरच्या माणसाची तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगापुढे चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार इंटरनेटवरूनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. यवतमाळला जाऊन एक रोज बुडवणे ज्यांना परवडत नाही त्यांनी दूरदृश्य पद्धतीने सुनावणीचा अर्ज करावा, कायद्यात तशी सोय आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलून पाहावे, पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. आणि तक्रार बँकेच्याच वागणुकीची असेल, तर आधी बँकेला लेखी द्यावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मोठ्या कंपन्यांपुढे आपले काय चालणार, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय, तर दर्जाचे सक्तीचे मानक न पाळणारे प्रेशर कुकर त्यांच्या संकेतस्थळांवरून विकले गेले होते, अॅमेझॉनवरून २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८. घेणाऱ्या प्रत्येकाला कळवा, कुकर परत घ्या आणि पैसे द्या, असाही आदेश होता. आमच्या भगिनींनी कुकर घेताना आयएसआयची खूण पाहावी ती यासाठी.

एका नव्या धोक्याकडेही लक्ष वेधतो. परतावा मिळत नाही म्हणून मुले इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधतात आणि नेमके भामट्याच्या हाती सापडतात. तो गोड बोलतो, एखादे अॅप उतरवून घ्यायला सांगतो, ओटीपी मागतो. परतावा देण्यासाठी कोणालाही तुमचा ओटीपी किंवा पिन लागत नाही. असे काही घडलेच तर तत्काळ १९३० वर आणि बँकेला कळवावे. बँकेचा नंबर शोधत बसण्याची गरज नाही, तो कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.