जुनी पीएक्स-१० ओळखताना

फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची ‘पीएक्स-१०’ ही शर्यतीची सायकल १९६० आणि १९७०च्या दशकांत गाजली. १९६७ची तूर द फ्रान्स प्यूजोच्या संघातल्या रोजे पँजाँने जिंकली, मात्र त्या शर्यतीत तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून उतरला होता. अशी सायकल ओळखताना स्टिकरवर विसंबू नये. स्टिकर नवेही मिळतात. खरी साक्ष सुट्या भागांची असते. रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची फ्रेम, स्ट्राँगलाइटचा क्रँक, माफाकचे ब्रेक आणि सिंप्लेक्सचे गिअर ही तिची ठरलेली जोडणी. सिंप्लेक्सचे गिअर डेलरिन या प्लास्टिकचे असल्याने तडकतात, म्हणून बहुधा तेच बदललेले सापडतात.

सायकल खोलताना घाई नडते. ब्रिटिश सायकलीत क्रँकच्या धुरीचा चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असतो; त्या काळच्या फ्रेंच सायकलीत मात्र दोन्ही कप सुलट आट्यांचे. ब्रिटिश सवयीने पाना फिरवला, तर कप सुटायच्या ऐवजी आणखी आवळतो. स्ट्राँगलाइटचा क्रँक काढायला २३.३५ मिमीचा पुलर लागतो. नेहमीचा २२ मिमीचा पुलर सैल बसतो आणि ॲल्युमिनियमचे नाजूक आटे खरवडून टाकतो. एवढा सुंदर क्रँक त्या एका चुकीने वाया जातो.

छर्रे, केबल, ब्रेकचे रबर आणि टायर खुशाल नवे घालावेत. रंग मात्र ओरखड्यांसकट राखावा. पुन्हा रंगवलेल्या फ्रेमवर मूळ रंग परत येत नाही. आणि काढलेला जुना भाग, मोडका असला तरी, भंगारात देऊ नये.